पेशी म्हणजे पिशवी नव्हे

पेशी ही सजीवांची वीट होय, हे वाक्य आपल्याकडे शाळेतल्या मुलापासून पदवीधरापर्यंत सर्वांस पाठ असते. त्या विटेचे वर्णन विचारले असता मात्र जे उत्तर येते ते असे की, बाहेर एक पातळ पडदा, आत रस, रसात केंद्रक आणि केंद्रकात जनुके. म्हणजे व्याख्येत वीट आणि वर्णनात पिशवी! एकच वस्तू विटेसारखी घट्ट आणि पिशवीसारखी लिबलिबीत कशी असेल, हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी क्वचित भेटतो, आणि त्याला उत्तर देणारा शिक्षक त्याहूनही क्वचित. प्रस्तुत लेखात आमचे म्हणणे एवढेच आहे की, या दोन्ही उपमा टाकून देण्याच्या लायकीच्या आहेत. प्राणिपेशीच्या पडद्याच्या आतल्या अंगास ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे एक ताणलेले, सदैव मोडणारे आणि सदैव नवे होणारे अस्तर असते. पेशीचा आकार, तिचा कणखरपणा आणि शेजारच्या पेशीला धरून राहण्याची तिची शक्ती या तिन्ही गोष्टी फार मोठ्या अंशाने या अस्तराच्या स्वाधीन असतात. हे अस्तर आमच्या अध्यापनातून जवळजवळ गळाले आहे. ही गळती निरुपद्रवी असती तर तिच्यासाठी इतके पानभर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या एका रोगासाठी आज देशातील कोट्यवधी माणसांचे रक्त तपासले जात आहे, तो आमच्या आदिवासी बांधवांचा रोगसुद्धा या अस्तराकडे पाठ फिरवून नीट समजत नाही, हे पुढे दिसून येईल.

या गैरसमजाचा उगम शोधू गेल्यास तो आमच्या नाशिक जिल्ह्याच्या अगदी प्रसिद्ध पिकात सापडतो. लासलगावचा कांदा देशभर जातो, आणि कांदा म्हटला की तो शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखालीही जातोच. कांद्याच्या आतल्या पाकळीचा पापुद्रा काढावा, काचपट्टीवर ठेवावा, त्यावर आयोडिनचा थेंब सोडावा आणि ओळीने रचलेल्या चौकोनी खोल्या पाहाव्या, असा विद्यार्थ्याचा पेशीशी पहिला परिचय होतो. त्या खोल्यांच्या भिंती सेल्युलोजच्या असतात. आतल्या पाण्याचा दाब भिंतींवर पडून पेशी ताठ राहते. वनस्पतीच्या बाबतीत हे खरेच आहे. पण विद्यार्थ्याच्या मनावर यातून जे ठसते ते असे की, आकार देणे हे भिंतीचे काम. भिंत नसेल तेथे आकारही नसावा. पुढच्या तासाला गालाच्या आतील पेशी खरवडून मेथिलीन निळ्यात बुडवून दाखवितात. त्या चपट्या, सुट्या आणि गळून पडण्याच्या बेताला आलेल्या असतात. प्राणिपेशी म्हणजे भिंत हरवलेली वनस्पतिपेशी, असा सिद्धांत मग कोणी न सांगताच पक्का होतो.

यातील मौज अशी की, ॲक्टिनचे काम डोळ्यांनी पाहावयाचे झाल्यास तोच कांदा उत्तम साधन आहे. आयोडिनने पेशी मरते. तोच ताजा पापुद्रा साध्या पाण्यात ठेवून, प्रकाश जरा मंद करून, काही मिनिटे धीराने पाहिला तर पेशीद्रव्याच्या बारीक धारांतून कण वाहताना दिसतात. इटलीतील बोनाव्हेंतुरा कोर्ती याने पाण्यातील वनस्पतींत असा प्रवाह १७७४ साली पाहून नोंदविला होता. मायोसिन नावाची प्रथिने ॲक्टिनच्या तंतूंवरून चालत जातात आणि आपल्यासोबत पेशीतील कण ओढून नेतात, त्यामुळे हा प्रवाह उत्पन्न होतो. आपल्या दंडाच्या स्नायूत जी जोडी काम करते तिचीच भावंडे कांद्याच्या पापुद्र्यात राबत असतात. आम्ही मात्र प्रथम त्या पेशीला मारतो आणि मग जीव म्हणजे काय ते तिच्याकडून शिकू पाहतो.

आता प्राणिपेशीतील अस्तराकडे वळू. पेशीचा बाहेरचा पडदा स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचा असून त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग. हा पडदा वाकतो सहज, परंतु ताणला असता त्याचे क्षेत्रफळ शेकडा तीन-चार वाढते न वाढते तोच तो फाटतो. अशा पडद्याच्या भरवशावर कोणतीही पेशी आपला आकार राखू शकणार नाही. तो राखला जातो पडद्याच्या आतील ॲक्टिनच्या जाळीमुळे. विभाजनासाठी गोल झालेल्या मानवी पेशीत या जाळीची जाडी मोजली गेली आहे. ती सुमारे २०० नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या काही शतांश हिश्श्याहूनही कमी भरते. जाळीच्या तंतूंत मायोसिनचे लहान जुडगे अडकलेले असून ते तंतूंना एकमेकांकडे खेचीत असतात, आणि त्यामुळे सबंध जाळी नित्य ताणाखाली असते. एझ्रिन आणि त्याच्या कुळातील प्रथिने ही जाळी पडद्याला जागोजाग टाके घालून बांधतात.

द्राक्षबागेचा मांडव ज्यांनी पाहिला आहे त्यांना याची कल्पना सहज येईल. मांडव उभा असतो तो खांबांच्या जोरावर जितका, तितकाच तारांच्या ताणावर. तार ढिली पडली की वेलाचा भार खाली येतो. फरक इतकाच, आणि तो थोडाथोडका नव्हे, की पेशीच्या मांडवातील तारा मिनिटाच्या हिशेबाने झिजून त्यांच्या जागी नव्या तारा येत असतात. तंतूच्या एका टोकास ॲक्टिनचे कण जुळत जातात, दुसऱ्या टोकाने सुटत जातात, आणि या अखंड उलाढालीसाठी पेशी इंधन खर्च करीत असते. म्हणून हे अस्तर घन की द्रव, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. क्षणभर दाबून सोडले तर ते रबरासारखे परत उसळते. बराच वेळ दाबून धरले तर हळूहळू वाहते व नवा आकार घेते. विटेला पहिला गुण थोडाबहुत असेल, पण दुसरा नाही. पिशवीत द्रव असेल, पण तिला स्वतःचा ताण नाही. जी वस्तू दोन्ही करते, आणि इंधन जाळून करते, तिला वीट किंवा पिशवी म्हणणे हा भाषेचाही अपराध आहे.

हे सारे कालपरवाचे संशोधन आहे, म्हणून ते अद्याप पाठ्यपुस्तकांत मुरले नाही, असे कोणी म्हणेल तर तेही टिकणारे नाही. अर्नेस्ट एव्हरेट जस्ट या कृष्णवर्णीय अमेरिकन शास्त्रज्ञाने पेशीच्या पृष्ठभागाच्या जीवशास्त्रावर १९३९ साली एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. केंद्रकाला पेशीचा सर्वाधिकारी मानणाऱ्या समकालीनांशी त्याने वाद मांडला आणि पेशीचा बाहेरचा थर हा नुसता कुंपणाचा नसून स्वतः कर्ता आहे, असे प्रतिपादन केले. वर्णद्वेषामुळे स्वदेशातील मोठ्या संशोधनसंस्थांत त्याला जागा मिळाली नाही. १९४१ साली तो वारला. त्याच्या मृत्यूनंतर लवकरच, १९४२ च्या सुमारास, हंगेरीतील सेगेड येथे सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत श्ट्राउब यांनी स्नायूतून ॲक्टिन वेगळे केले. १९६६ साली जपानमध्ये हातानो आणि ओओसावा यांनी तेच प्रथिन ज्यात स्नायूचे नावही नाही अशा एका बुरशीसारख्या जीवातून काढून दाखविले, आणि ॲक्टिन ही केवळ स्नायूंची मिरास नाही हे सिद्ध झाले. म्हणजे अस्तराची कल्पना आठ दशकांहून जुनी आहे. एवढ्या काळात अभ्यासक्रम कितीदा बदलले, याची गणती वाचकांनीच करावी.

पाठ्यपुस्तकांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, ॲक्टिनचे नाव त्यांत येते. पेशीच्या अंगकांच्या यादीत एका परिच्छेदापुरते ते येते आणि त्याच्या तंतूचा व्यास किती, एवढे प्रश्नपत्रिकेसाठी पाठ करविले जाते. नाव येते, काम येत नाही. काम समजण्यासाठी बळ, ताण, दाब हे शब्द लागतात, आणि ते शब्द आम्ही शेजारच्या वर्गात कोंडून ठेवले आहेत.

याचे एक उदाहरण देतो. १९५४ साली मिचिसन आणि स्वान या दोघांनी सी-अर्चिन नावाच्या काटेरी समुद्रप्राण्याच्या अंड्यावर एक साधा प्रयोग केला. अतिसूक्ष्म काचनळीच्या तोंडाशी पेशी धरावी, आतून शोषून घ्यावे, आणि किती शोषाला पेशीचा किती फुगवटा नळीत शिरतो ते मोजावे. याच रीतीने आज पेशीच्या अस्तराचा ताण काढतात, आणि त्यासाठी जे गणित लागते ते लाप्लासचे, थेंबाच्या आतील अधिक दाबाचे. आमचा बारावीचा विद्यार्थी पदार्थविज्ञानाच्या तासाला नेमके तेच सूत्र पाण्याच्या थेंबासाठी आणि साबणाच्या फुग्यासाठी सोडवीत असतो. तास संपला की तो जीवशास्त्राच्या वर्गात जातो व पेशीच्या भागांची नावे पाठ करतो. दोन तासांच्या मधल्या दहा पावलांत त्याला कोणीही सांगत नाही की, त्या थेंबाच्या जागी पेशी ठेवून पाहा.

अस्तर बिघडले तर काय होते, हे निसर्गानेच दाखवून ठेवले आहे. त्वचेच्या एका कर्करोगातील काही पेशींत, ॲक्टिनचे तंतू परस्परांशी जखडणारे फिलामिन हे प्रथिन नसते. अशा पेशींच्या अंगावर सारखे फोड उठतात आणि विरतात, आणि त्यांना धड सरकताही येत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत फिलामिन पुन्हा पुरविले असता फोड कमी झाले व पेशी चालू लागल्या. पडदा तोच होता, रस तोच होता. अस्तराची वीण तेवढी दुरुस्त झाली.

चिकटण्याच्या बाबतीत तर पाठ्यपुस्तकी समजूत अधिकच भोळी आहे. पेशी एकमेकींना डिंकाने चिकटविलेल्या कागदांप्रमाणे चिकटतात. डिंक अधिक तर चिकटणे अधिक, असे समजण्यात येते. डिंकाचे नावही ठाऊक झाले आहे. जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी १९७० नंतरच्या दशकात ज्यांचा माग काढण्यास आरंभ केला ती कॅडहेरिन कुळातील प्रथिने एका पेशीतून बाहेर डोकावतात आणि शेजारणीच्या तशाच प्रथिनांना धरतात. १९६३ साली माल्कम स्टाइनबर्ग यांनी असे मांडले होते की, भ्रूणाच्या पेशी सुट्या करून पुन्हा मिसळल्या असता त्या तेल-पाण्याप्रमाणे आपापल्या जातीनुसार वेगळ्या होतात, त्याचे कारण त्यांच्या चिकटण्याच्या बळातील फरक हे होय. कल्पना सुंदर होती, आणि पुष्कळ अंशी उपयोगीही ठरली. पण पेशी म्हणजे पाण्याचा थेंब नव्हे. तिच्या पृष्ठभागाचा ताण मुख्यतः रेणूंच्या परस्पर ओढीतून येत नाही, तो मायोसिन इंधन जाळून निर्माण करतो, हा आक्षेप १९७६ सालीच घेण्यात आला होता.

या आक्षेपाचा निकाल प्रयोगाने लागला. २००८ आणि २०१२ साली झेब्रा माशाच्या भ्रूणातील पेशींवर जे काम प्रसिद्ध झाले त्यात दोन पेशी काचनळ्यांनी धरून एकमेकींना भिडविल्या आणि पुन्हा ओढून विलग केल्या. असे आढळले की, कॅडहेरिनच्या परस्पर मिठीचे बळ दोन पेशींतील जोड रुंद करण्यास फारसे कारणीभूत होत नाही. जोड रुंदावतो तो जोडाच्या जागी दोन्ही बाजूंच्या अस्तरांचा ताण उतरतो म्हणून. जोडावर ताण किती उतरला आणि मोकळ्या अंगावर किती राहिला, या प्रमाणावर जोडाची रुंदी ठरते. दोन साबणफुग्यांमधील पडद्याचा कोन ज्या न्यायाने ठरतो, त्याच न्यायाने. आणि ओढून तोडल्यावर पेशी कोठे तुटल्या? बाहेर, जेथे कॅडहेरिनने कॅडहेरिनला धरले होते तेथे नव्हे. तुटले ते आत, जेथे कॅडहेरिन आपल्या अस्तराला बांधलेले होते तेथे. दोन माणसांनी हात घट्ट धरले असता, ओढताना हात न सुटता खांदाच निखळावा, तसा हा प्रकार. डिंकाच्या उपमेतून हा निष्कर्ष कधीही निघाला नसता. पेशींचे चिकटणे म्हणजे दोन अस्तरांची गाठ. कॅडहेरिन ही त्या गाठीची फक्त दोरी.

येथे प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा येतो, आणि तो बाजूस सारून चालणार नाही. ते म्हणतील, "ॲक्टिन काय, मायोसिन काय, कॅडहेरिन काय, ही सारी प्रथिने जनुकांवरूनच घडतात ना? मग अखेर सत्ता जनुकांचीच. ती शिकविली म्हणजे बाकीचे त्यातच आले." या युक्तिवादाचा पूर्वार्ध निखालस खरा आहे. परंतु येवल्याच्या पैठणीचे रेशीम कोठून आले हे कळल्याने पैठणीची वीण कळत नाही. सूत पुरविणे ही एक गोष्ट, मागावर ताण धरून विणणे ही दुसरी. जनुके सामग्रीची यादी देतात. त्या सामग्रीला कोठे, किती आणि कोणत्या बळाने ओढले जाईल हे पेशीच्या भोवतालावरही अवलंबून असते. २००६ साली अमेरिकेतील डिस्चर यांच्या प्रयोगशाळेतून एक निबंध प्रसिद्ध झाला. एकाच जातीच्या मूलपेशी मेंदूसारख्या मऊ, स्नायूसारख्या मध्यम आणि हाड घडण्यापूर्वीच्या थरासारख्या कडक अशा निरनिराळ्या जेलीवर वाढविल्या, तर त्या अनुक्रमे मज्जापेशी, स्नायुपेशी व अस्थिपेशी यांच्या वळणावर जाऊ लागतात, असे त्यात दाखविले होते. जनुके तीच, पायाखालची जमीन वेगळी. त्या जमिनीची परीक्षा पेशी आपल्या मायोसिनने ओढून पाहून करते, कारण मायोसिनची ओढ थांबविली की हा फरकही नाहीसा होतो. या निबंधाच्या लेखकांपैकी शमिक सेन हे पुढे मुंबईस पवईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक झाले. म्हणजे हे ज्ञान नाशिकपासून आगगाडीच्या काही तासांच्या अंतरावर येऊन पोहोचले आहे. आमच्या वर्गखोल्यांपर्यंतचा उरलेला प्रवास तेवढा व्हावयाचा आहे.

आणखी एक दाखला आपल्या देशातलाच. मुंबईच्या आय.आय.टी.त रसायनशास्त्र शिकलेले सत्यजित मेयर आणि पदार्थविज्ञानाचे पंडित मदन राव यांनी बंगळूर येथे पेशीच्या पडद्यावरील काही प्रथिनांचा अभ्यास केला. ही प्रथिने पडद्यावर वाटेल तशी विखुरलेली नसून त्यांतील काही भाग दोन-चार रेणूंच्या लहान लहान पुंजक्यांत असतो, आणि हे पुंजके पडद्याखालील अस्तरातील ॲक्टिनच्या हालचालीमुळे घडतात, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१२ या काळातील निबंधांत दाखविले. पुढे २०१९ साली त्याच गटाने असेही दाखविले की, पेशी ज्या पृष्ठावर चिकटते त्याची खबर मिळाल्यावर हे पुंजके बनतात आणि ते बनले नाहीत तर पेशीला नीट पसरता येत नाही. येथे आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे की, हा शोध एका जीवशास्त्रज्ञाने व एका पदार्थवैज्ञानिकाने मिळून लावला. आमच्या महाविद्यालयांत या दोन विषयांचे विभाग बहुधा चहालाही एकत्र येत नाहीत.

आता ज्या रोगाचा उल्लेख आरंभी केला त्याकडे येऊ. जनुकवाद्यांचे आवडते उदाहरण म्हणजे सिकलसेल. ते सोपे आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराची चूक होते, तेथे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. १९४९ साली पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाला रेणूचा रोग म्हटले. १९५६ साली इंग्रॅम यांनी चूक नेमकी दाखविली. भारतात हा रोग १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत प्रथम नोंदला गेला. महाराष्ट्रात नंदुरबारच्या सातपुड्यापासून गडचिरोलीपर्यंत त्याचे रुग्ण आहेत, आणि आमच्या नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातही आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी करावयाची व २०४७ पर्यंत रोग हटवावयाचा, असा तिचा संकल्प आहे. तपासणी योग्यच आहे आणि तिला आमचा पूर्ण पाठिंबा आहे.

परंतु रुग्णाला ज्या वेदना होतात त्या अक्षराच्या चुकीने होत नाहीत. त्या होतात पेशी ताठर झाल्याने व रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटल्याने. निरोगी तांबडी पेशी सुमारे ८ मायक्रोमीटर रुंद असते आणि तिच्या निम्म्या रुंदीच्या केशवाहिनीतून घडी घालून निघून जाते. हे तिला साधते, कारण तिच्या पडद्याखाली स्पेक्ट्रिनच्या लवचिक दोऱ्यांची षट्कोनी जाळी असते आणि त्या दोऱ्या ज्या गाठींवर एकत्र येतात त्या गाठी ॲक्टिनच्या आखूड तंतूंच्या असतात. येथे एक गोष्ट जनुकवाद्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. पक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसते, सबब जनुकेही नसतात. तरी ती पेशी सुमारे १२० दिवस रक्तात फिरते, पुनःपुन्हा चेपली जाते आणि पुनःपुन्हा आपला आकार परत मिळविते. सर्वाधिकारी घरात नसताना चार महिने संसार चालतो तो कोणाच्या जिवावर, याचे उत्तर त्या जाळीत आहे.

सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी झाला की सदोष हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना जुळून कडक दांडे बनतात. प्राणवायू मिळाला की ते विरघळतात. पण असे वारंवार झाल्यावर काही पेशी विळ्याच्या आकारातच अडकून राहतात. १९७६ साली लक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेशींतील हिमोग्लोबिन धुऊन काढले; उरलेले रिकामे कवचही विळ्याच्याच आकाराचे राहिले. म्हणजे विकृती आता हिमोग्लोबिनची राहिली नव्हती, ती अस्तराची झाली होती. १९८० साली हेबेल आणि इतरांनी दाखविले की, रुग्णाच्या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींना जितक्या अधिक चिकटतात तितका त्याचा रोग अधिक तीव्र असतो. चिकटल्यामुळे पेशीला केशवाहिनीतून जावयास वेळ लागतो. वेळ लागला की प्राणवायू संपून तेथेच दांडे बनतात. दांडे बनले की वाट तुंबते आणि वेदनेची लाट उठते. जनुकाची चूक जन्मापासून अखंड असते. लाट केव्हा येईल हे ताठरपणा, चिकटणे आणि वेळ यांच्या हिशेबावर ठरते.

इतकेच काय, या रोगाच्या वाहकाला मलेरियाचा घातक प्रकार फारसा बाधत नाही, याची जी कारणे सांगतात त्यांतील एक कारणसुद्धा अस्तरातच सापडते. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीतील ॲक्टिन चोरून स्वतःची जाळी उभारतो व तिच्यावरून चिकटण्याचे प्रथिन पेशीच्या पृष्ठाकडे पोहोचवितो. सदोष हिमोग्लोबिन असलेल्या पेशींत ही चोरीची जाळी नीट उभी राहत नाही, असे २०११ साली प्रसिद्ध झाले आहे.

या साऱ्याचा व्यवहाराशी संबंध काय, असे विचारणाऱ्यास आमचे उत्तर असे. तपासणीनंतर रुग्णाच्या हाती जे कार्ड येते त्यावर तो रुग्ण की वाहक एवढे कळते. पण पाणी भरपूर प्यावे, थंडीत कुडकुडू नये, ताप अंगावर काढू नये, हा जो सल्ला त्याला दिला जातो त्याचे कारण कार्डावरील जनुकात नसते. पेशीतील पाणी थोडे जरी घटले तरी हिमोग्लोबिन दाट होऊन दांडे बनण्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो, हे ते कारण. ज्या डॉक्टराने रोगाचा केवळ जनुकापुरता अभ्यास केला तो हा सल्ला पाठ म्हणून देईल. ज्याला पेशीची यांत्रिकी कळली आहे तो तो पटवून देईल. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या एखाद्या पाड्यावर, उन्हाळ्यात डोंगर उतरून पाणी आणणाऱ्या आईला "मुलाला पाणी जास्त पाज" असे सांगावयाचे, तर ते नुसते फर्मान म्हणून सांगण्यात आणि कारणासह सांगण्यात फार अंतर आहे. जनुकांत फेरफार करणारा उपचारही आता निघाला आहे हे आम्ही जाणतो. २०२३ साली त्यास परदेशात मान्यता मिळाली आणि अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे सुमारे २२ लक्ष डॉलर ठेवण्यात आली. तो उपचार स्वस्त होऊन पाड्यापर्यंत येईल तेव्हा त्याचे स्वागत करू. तोवर रुग्णाचे दिवस पेशीच्या ताणावर आणि चिकटण्यावरच जावयाचे आहेत.

शेवटी अभ्यासक्रम आधीच फुगलेला आहे, या आक्षेपाविषयी. तो खरा आहे, आणि म्हणूनच आम्ही नवे प्रकरण मागत नाही. वैद्यकाकडे जाणारा विद्यार्थी गणित सोडतो, अभियांत्रिकीकडे जाणारा जीवशास्त्र सोडतो, हा आमच्याकडील रिवाज एका लेखाने मोडणार नाही, हेही आम्ही जाणतो. परंतु वैद्यकाकडे जाणाऱ्याला पदार्थविज्ञान तर शिकावेच लागते. तेव्हा मागणी फक्त तीन गोष्टींची. थेंबातील दाबाचे सूत्र शिकविताना साबणाच्या फुग्यानंतर एक उदाहरण काचनळीत शोषलेल्या पेशीचे द्यावे. सिकलसेल शिकविताना अक्षराच्या चुकीनंतर दोन परिच्छेद ताठरपणाचे आणि चिकटण्याचे घालावे. आणि कांद्याचा पापुद्रा एकदा आयोडिनशिवाय दाखवावा. यांपैकी कशासाठीही सरकारी मंजुरी, नवे यंत्र किंवा अनुदान लागत नाही; शिक्षकाने स्वतः पाच मिनिटे सूक्ष्मदर्शकाशी बसणे तेवढे लागते. ज्या विद्यार्थ्याने पापुद्र्यातील कण वाहताना एकदा पाहिले, त्याला पेशी म्हणजे पिशवी, हे पुन्हा कोणी सांगू धजणार नाही.